केळीच्या बागेला भिंत नको, चाळणी हवी
वाऱ्याच्या प्रवाहाचा संगणकाने केलेला हिशोब आणि त्याचा शेतीतील उपयोग

जळगाव जिल्ह्यातील केळी बागाईतदाराला उन्हाळ्याच्या अखेरीस एकच धास्ती असते, ती वाऱ्याची. एप्रिल-मे महिन्यांत उष्ण वारे पाने फाडतात व करपवितात. त्यानंतर मृगाच्या तोंडावर वावधान सुटते आणि घड लागलेली झाडे अर्ध्या तासात आडवी होतात. वर्षभर खत, पाणी आणि मजुरी घातलेले पीक काढणीला आले असताना हातचे जाते. केळीचे खोड हे खरे लाकूड नसून एकमेकांवर गुंडाळलेल्या पानांच्या देठांचे बनलेले असते. वर मोठी पाने, मध्ये लोंबणारा घड आणि खाली उथळ मुळे, अशी या झाडाची रचना असल्यामुळे वाऱ्यापुढे ते फारसा टिकाव धरीत नाही.

बागेभोवती आडोसा करावा हे शेतकरी बंधूंना नव्याने सांगावयास नको. शेवरी लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. प्रश्न असा की, आडोसा कसा असावा? पुष्कळांना वाटते की, जितका भक्कम तितका चांगला. मग शेवरीऐवजी विटांची भिंत किंवा पत्रे उभे केले तर अधिक फायदा होणार नाही काय? या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ते तसे का, हे प्रत्यक्ष शेतातील मोजमापांवरून कळून आले आणि त्यामागील कारण संगणकाच्या साहाय्याने केलेल्या हिशोबाने स्पष्ट झाले. हा हिशोब कसा करतात आणि त्यातून बागाईतदाराने काय घ्यावे, हे या लेखात पाहू.

वाऱ्याचा जोर किती असतो?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा समोर आलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ६ किलो वजनाइतका रेटा देतो. तोच वारा ताशी ७२ किलोमीटर झाला की रेटा सुमारे २४ किलोंपर्यंत जातो. केळीचे दोन मीटर लांब व अर्धा मीटर रुंद पान वाऱ्यासमोर आडवे आले तर ते भरते एक चौरस मीटर. अशी आठ-दहा पाने एका झाडाला असतात.

यातच आपल्या फायद्याची गोष्ट आहे. आडोशामुळे वेग निम्मा झाला तर जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून वारा पूर्ण थांबविण्याची गरज नाही. त्याचा वेग निम्म्यावर आणला तरी पुष्कळ काम होते. मात्र पाने फाडणारा आणि झाड मोडणारा वारा हा सरासरी वेगाचा नसतो. मध्येच येणारा जोराचा झोत हे काम करतो. तेव्हा सरासरी वेग आणि झोत या दोहोंचा विचार करावा लागतो.

पाटातील दगड आणि पऱ्हाटीची जुडी

हवा आपल्याला दिसत नाही, पण पाणी दिसते, आणि दोन्ही वाहण्याचे नियम सारखेच आहेत. वाहत्या पाटात एक मोठा दगड ठेवून पाहावा. पाणी दगडाला धडकते, बाजूने व वरून वेगाने निघून जाते आणि दगडाच्या मागे भोवरे तयार होतात. तेथे एखादी काडी टाकली तर ती पुढे न जाता उलट दगडाकडे येते व गरगर फिरते. थोडे पुढे पाणी खळबळलेले दिसते आणि पाटाची माती तेथेच उकरली जाते.

आता दगड काढून त्या जागी पऱ्हाटीची सैल जुडी आडवी ठेवावी. काही पाणी जुडीतून गाळून पुढे येते, काही वरून जाते. मागे पाणी संथ असते, काडी उलटी फिरत नाही आणि हा संथपणा दगडामागील शांत जागेपेक्षा अधिक लांबवर टिकतो. भिंत आणि शेवरीची ओळ यांच्यात असाच फरक आहे.

संथ प्रवाह आणि क्षुब्ध प्रवाह

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये एक साधा प्रयोग केला. काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार सोडली. पाणी हळू वाहत असताना रंगाची रेघ सरळ राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे गेला तेव्हा ती रेघ एकदम विस्कटली आणि रंग साऱ्या नळीत पसरला. पहिल्या प्रकाराला संथ आणि दुसऱ्याला क्षुब्ध प्रवाह म्हणता येईल. प्रवाहाचा वेग, अडथळ्याचा किंवा नळीचा आकार आणि द्रवाचा दाटपणा यांवरून काढलेला एक आकडा रेनॉल्ड्स यांच्याच नावाने ओळखला जातो. नळीत हा आकडा साधारणपणे दोन हजारांच्या पुढे गेला की प्रवाह बिघडू लागतो. साडेतीन मीटर उंच शेवरीवर ताशी ३६ किलोमीटरचा वारा येत असेल तर हा आकडा सुमारे २३ लाख भरतो! म्हणजे शेतातील वारा क्षुब्धच असतो. त्यात खोलीएवढे भोवरे असतात, त्यांच्या पोटात घागरीएवढे, त्यांच्या पोटात लिंबाएवढे, असे करत करत मिलिमीटरभर आकाराचे भोवरे असतात.

नियम माहीत, पण हिशोब अवघड

पाणी व हवा कशी वाहते याचे गणिती नियम फार पूर्वीच मांडले गेले आहेत. फ्रान्समधील नेव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि इंग्लंडमधील स्टोक्स यांनी १८४५ मध्ये मांडलेल्या या समीकरणांना नेव्हिए-स्टोक्स समीकरणे म्हणतात. त्यांचा मतितार्थ साधा आहे. एखाद्या जागेत जेवढी हवा येते तेवढीच बाहेर गेली पाहिजे, हा पहिला नियम. हवेचा वेग बदलतो तो दाब, घर्षण किंवा अडथळा यांच्यामुळेच, हा दुसरा. परंतु क्षुब्ध प्रवाहासाठी ही समीकरणे कागदावर सोडविणे जमत नाही.

मग हिशोब तुकड्यातुकड्याने करावा लागतो. लुइस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात हवामानाचा अंदाज अशा रीतीने हाताने आकडेमोड करून काढून पाहिला. केवळ सहा तासांच्या अंदाजासाठी त्यांना कित्येक आठवडे आकडेमोड करावी लागली आणि उत्तर चुकीचे आले. तरी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी कल्पना मांडली की, ६४ हजार माणसे एका मोठ्या सभागृहात बसवून सर्वांनी एकाच वेळी आकडेमोड केली तर हवामानाचा वेग गाठता येईल. ही ६४ हजार माणसे पुढे संगणकाच्या रूपाने मिळाली.

संगणकाचे वाफे

आपण शेताला पाणी देण्यासाठी वाफे पाडतो. संगणकातही तसेच करतात. शेत, आडोसा आणि त्यावरील हवा यांचे काल्पनिक चौकोनी ठोकळ्यांत तुकडे पाडले जातात. प्रत्येक ठोकळ्यात हवेचा वेग व दाब किती, हे आकडे ठेवले जातात. मग शेजारच्या ठोकळ्यातून आलेली आणि गेलेली हवा यांचा जमाखर्च मांडला जातो. भिंत असेल तर तेथील ठोकळे बंद धरतात. झाडांची ओळ असेल तर ठोकळे उघडे ठेवून त्यात पानाफांद्यांच्या प्रमाणात अडथळा धरतात आणि तो अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवितात.

यात एक मोठी अडचण होती. वेग काढावा तर दाब माहीत हवा आणि दाब काढावा तर वेग माहीत हवा. ही गाठ सोडविण्याची एक सुटसुटीत रीत १९७२ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजशी संबंधित असलेल्या सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी प्रसिद्ध केली. श्री. पाटणकर हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. या रीतीचे संक्षिप्त नावही 'सिंपल' असेच आहे. आधी दाबाचा एक अंदाज धरावा. त्यावरून वेग काढावा. प्रत्येक ठोकळ्यात येणारी व जाणारी हवा जुळते का ते पाहावे. जेथे येणारी जास्त भरते तेथे दाब थोडा वाढवावा, जेथे कमी भरते तेथे घटवावा, आणि पुन्हा वेग काढावा. बारे देणारा माणूस एका वाफ्यात पाणी तुंबले की तोंड थोडे बंद करतो, कमी पडले की उघडतो, तसाच हा प्रकार आहे. सर्व ठोकळ्यांचा जमाखर्च जुळेपर्यंत संगणक ही दुरुस्ती शेकडो-हजारो वेळा करतो. पाटणकर यांचे या विषयावरील पुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या अभियंत्यांनी ते वापरले.

लहान भोवऱ्यांचे काय करावे?

समजा २०० मीटर लांब, १०० मीटर रुंद शेत आणि त्यावरील ५० मीटर उंचीपर्यंतची हवा घेतली. हे १० लाख घनमीटर झाले. मिलिमीटरभर भोवरासुद्धा सुटू नये म्हणून ठोकळे एक मिलिमीटरचे पाडले तर त्यांची संख्या एकावर पंधरा शून्ये इतकी होईल. एवढा हिशोब आजच्या मोठ्या संगणकांनाही पेलणारा नाही. अर्ध्या मीटरचे ठोकळे पाडले तर मात्र ते ८० लाख होतात आणि हा हिशोब आजच्या चांगल्या संगणकाच्या आवाक्यातला आहे. पण मग अर्ध्या मीटरपेक्षा लहान भोवरे ठोकळ्यांच्या जाळ्यातून निसटतात.

यावर दोन मुख्य तोडगे आहेत. पहिला रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये सुचविलेल्या विचारावर आधारलेला आहे. प्रत्येक ठिकाणच्या वाऱ्याची सरासरी आणि चढउतार अशी दोन भागांत फोड करावयाची, सरासरीचा हिशोब करावयाचा आणि भोवऱ्यांमुळे होणारी घुसळण एका अंदाजी सूत्राने धरावयाची. ही रीत कमी खर्चाची आहे, पण ती एकेका झोताचे चित्र देत नाही. दुसऱ्या तोडग्यात मोठ्या भोवऱ्यांचा हिशोब क्षणाक्षणाने प्रत्यक्ष करतात आणि केवळ लहान भोवऱ्यांसाठी सूत्र वापरतात. या रीतीचा पाया अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ जोसेफ स्मागोरिन्स्की यांनी १९६३ मध्ये घातला. हिला संगणकाचा वेळ जास्त लागतो, पण झोत कोठे व केव्हा खाली येतात ते दिसते.

हिशोब खरा कशावरून?

संगणकाने सुंदर रंगीत चित्र काढले म्हणून ते खरे मानता येत नाही. ते शेतातील मोजणीशी ताडून पाहावे लागते. ऑस्ट्रेलियातील ब्रॅडली आणि मलहर्न यांनी मोकळ्या रानात १.२ मीटर उंचीचे, निम्मे उघडे व निम्मे बंद असे कुंपण उभारून त्याच्या पुढेमागे वाऱ्याचा वेग मोजला आणि १९८३ मध्ये तो प्रसिद्ध केला. जे. डी. विल्सन यांनी १९८५ मध्ये त्याच कुंपणाचा संगणकावर हिशोब करून तो या मोजणीशी ताडून पाहिला. पुढे १९९० नंतरच्या काळात अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात झाडांच्या पट्ट्यांवर असेच काम झाले. सरासरीवर आधारलेली रीत आडोशामागच्या उलट्या प्रवाहात चुकू शकते, हेही अभ्यासकांना माहीत आहे. म्हणून खालील आकडे तंतोतंत न धरता मार्गदर्शक समजावेत.

भिंत आणि झाडांची ओळ : काय फरक दिसतो?

भिंत : वारा भिंतीला अडतो, समोर दाब वाढतो आणि सगळी हवा वर चढून पलीकडे जाते. भिंतीमागे दाब कमी असल्याने वरची वेगवान हवा खाली ओढली जाते. अगदी मागे शांतता असते, परंतु तेथे हवा उलट्या दिशेने फिरत असते. जेथे वरचा प्रवाह जमिनीवर उतरतो तेथे जोराचे झोत पिकावर आदळतात आणि त्यानंतर वाऱ्याचा वेग लवकर पूर्ववत होतो. भिंतीजवळची चार ओळी केळी वाचतात आणि त्यामागची फाटतात ती याच कारणाने.

मध्यम दाट झाडांची ओळ : काही हवा पानांतून गाळून मंद होऊन पुढे येते. ही मंद हवा वरून जाणाऱ्या वेगवान हवेखाली गादीसारखी राहते व तिला एकदम खाली उतरू देत नाही. ओळीच्या उंचीच्या सुमारे ८ पट अंतरापर्यंत चांगली शांतता मिळते. त्यापुढे वरची घुसळण हळूहळू जमिनीपर्यंत पोहोचते आणि वेग सावकाश वाढत जातो. उंचीच्या १० पट अंतरापर्यंत वेग जवळपास निम्मा राहू शकतो आणि २० पट अंतरावरही थोडा परिणाम जाणवतो. ओळीच्या पुढच्या बाजूलाही, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, उंचीच्या दोन ते पाच पट अंतरावर वेग थोडा कमी होतो.

ओळीतून साधारण ४० ते ५० टक्के मोकळी जागा असावी, असा अनुभव व हिशोब दोन्ही सांगतात. याहून फार विरळ ओळ वारा अडवीत नाही आणि फार दाट ओळ भिंतीसारखी वागते.

ओळीची रुंदी : आयोवा येथील अभ्यासात पट्ट्याची रुंदी अनेक पटींनी वाढवून पाहिली तरी आसऱ्यात तुलनेने थोडाच फरक पडला. याचा अर्थ, जमीन अडवून पाच-सहा ओळींचा पट्टा करण्यापेक्षा एक-दोन ओळी सलग आणि योग्य दाटीच्या राखणे लहान शेतकऱ्याला परवडणारे आहे.

खिंड आणि टोके : ओळीत खिंड पडली तर त्यातून वारा अधिक वेगाने घुसतो. टोकांशीही वारा वळसा घालून आत येतो. झाडे मोठी होऊन बुंधे उघडे पडले तर खालून वारा सुटतो आणि आडोसा असूनही नुकसान होते.

आपल्या बागेत काय करावे?

१. वाऱ्याची दिशा पाहून ओळी घ्याव्यात. केळी पट्ट्यात पश्चिम व दक्षिण या बाजू विशेष महत्त्वाच्या आहेत. वारा तिरपा आला की आसऱ्याची रुंदी घटते. ३० मीटर आसरा देणारी ओळ ४५ अंशांतून येणाऱ्या वाऱ्यात सुमारे २१ मीटरच आसरा देते. म्हणून एकाच बाजूवर अवलंबून राहू नये.

२. अंतर उंचीवरून ठरवावे. शेवरी साडेतीन मीटर उंच झाली तर केळीची स्वतःची उंची लक्षात घेऊन ८ ते ९ पट, म्हणजे सुमारे ३० मीटर आसरा धरावा. पूर्व-पश्चिम ९० मीटर लांबीच्या शेतात केवळ पश्चिमेच्या बांधावर शेवरी लावून भागणार नाही. बांधावर एक, ३० मीटरवर दुसरी व ६० मीटरवर तिसरी ओळ हवी. प्रत्येक ओळीला दोन मीटर जागा धरली तर ९० पैकी ६ मीटर जागा जाते. ही जागा वाया गेली असे समजू नये. शेवरीचा पाला शेळ्यांना चारा म्हणून उपयोगी पडतो.

३. केळीच्या लागवडीबरोबर किंवा त्याआधी शेवरीचे बी टोकावे, म्हणजे घड लागण्याच्या वेळी आडोसा पिकापेक्षा उंच असेल.

४. खालची बाजू उघडी ठेवू नये. उंच झाडांच्या ओळीशेजारी गजराज गवताची एक ओळ घ्यावी. गवत कापताना संपूर्ण ओळ एकदम न कापता टप्प्याटप्प्याने कापावे.

५. मेलेल्या झाडांच्या जागी लगेच नांगे भरावेत. बागेची वाट वारा येणाऱ्या बाजूस ठेवू नये. ठेवावी लागली तर वाटेच्या आतील बाजूस थोड्या अंतरावर लहानशी आडवी ओळ लावावी.

६. ओळ बागेपेक्षा दोन्ही टोकांना थोडी पुढे न्यावी. ओळीची लांबी उंचीच्या निदान दहा पट असावी.

७. मुळांची स्पर्धा टाळण्यासाठी झाडांची ओळ व पीक यांच्यामध्ये चर खोदावा व तो अधूनमधून साफ करावा.

८. भिंत आधीच बांधलेली असेल तर ती पाडण्याची गरज नाही. तिच्या आतील बाजूने भिंतीपेक्षा उंच होणारी शेवरीची ओळ घ्यावी. भिंतीवरून येणारा वारा त्या ओळीच्या शेंड्यांतून गाळला जाईल.

स्वतःच पाहणी करावी

संगणक प्रत्येकाच्या शेतात येणार नाही, पण त्याने दाखविलेली गोष्ट बिनखर्चाने तपासता येते. केळीच्या उंचीचे चार-पाच बांबू घेऊन त्यांच्या टोकांना हलक्या कापडाच्या चिंध्या बांधाव्यात. आडोशापासून त्याच्या उंचीच्या २, ५, १० आणि २० पट अंतरांवर ते रोवावेत. एक बांबू मोकळ्या जागेत तुलनेसाठी ठेवावा. वारा सुटला की पाहावे. चिंधी कोठे लोंबते, कोठे फडफडते, कोठे उलट आडोशाकडे वळते? उलट वळत असेल तर आडोसा फार दाट आहे, त्याची छाटणी करावी. जवळच्या चिंध्या मोकळ्या जागेइतक्याच जोराने फडफडत असतील तर आडोसा विरळ आहे. दाटी ओळखण्याची आणखी एक खूण म्हणजे, ओळीपलीकडे उभा असलेला माणूस हलताना दिसावा, पण तो कोण हे ओळखू येऊ नये.

मर्यादा

आडोसा म्हणजे सर्व संकटांवर उपाय नव्हे. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात नारळ-पोफळीच्या जुन्या बागा उन्मळून पडल्या. अशा वादळापुढे शेवरीची ओळ काय करणार? म्हणून घड लागलेल्या झाडांना बांबूचे टेकू देणे, मातीची भर लावणे ही कामे आडोसा असला तरी चुकवू नयेत. परंतु दरवर्षीच्या उन्हाळी वाऱ्यात आणि मृगापूर्वीच्या नेहमीच्या वावधानात योग्य दाटीची ओळ नुकसान बरेच कमी करू शकते. शिवाय वारा मंदावल्याने पाण्याचे बाष्पीभवन घटते आणि फवारणीचे औषध उडून जात नाही.

शेतकरी बंधूंनी येत्या लागवडीपूर्वी आपल्या बांधावर उभे राहून वाऱ्याची दिशा, बागेची लांबी आणि आडोशाची उंची हे तीन आकडे वहीत लिहावेत आणि त्यांवरून ओळींची जागा ठरवावी. विटा आणि पत्र्यांवर होणारा खर्च वाचेल आणि बागेला वारा अडविणारी नव्हे, तर गाळणारी चाळणी मिळेल.